आईचा फोन बरोबर अर्ध्या मिनिटात तुटतो. इंटरनेट फोनवाल्यांनो, मदत करा!

कालव्याकाठी | शनिवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. मी आयंडहोव्हनला असतो. आई इचलकरंजीत, वय ७६. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, स्मार्टफोन घेऊन दिला होता पण तो "सरकवून उचलायचा" प्रकार तिला जमत नाही. फोन वाजला की उलट्या बाजूला सरकवते आणि कट होतो. त्यामुळे व्हॉट्सॲप सुचवू नका, आधीच हात जोडतो. तिचा खरा फोन म्हणजे देवघराशेजारचा लँडलाइन. त्याची घंटा परसात ऐकू जाते.

इतकी वर्षं स्काइपवर पैसे भरून त्या लँडलाइनवर फोन करत होतो. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झालं. मग एका इंटरनेट फोन कंपनीकडे सिप (इंटरनेटवरून फोन जोडायची पद्धत) खातं काढलं, लॅपटॉपवर मायक्रोसिप हे फोन करायचं सॉफ्टवेअर टाकलं. नंबर लागतो, घंटा वाजते, आई उचलते, आवाज दोन्हीकडून स्वच्छ. "जेवलास का" पर्यंत येतो आणि फोन तुटतो. दर वेळी. आईला वाटतं मीच वैतागून ठेवतो. काल म्हणाली, "तुला घाई असली तर करत जाऊ नकोस रे."

इंटरनेट फायबरचं आहे, स्पीड टेस्टला २०० एमबीपीएस दिसतं. लॅपटॉप बदलून पाहिला, हेडफोन बदलला. कंपनीला मेल केला तर "आमच्याकडून सर्व ठीक आहे" असं उत्तर आलं. काय करू?

पिठलंभाकरी | रविवार, सकाळी ७:१५

राऊटर बंद करून चालू करून पाहिलात का? (विचारायलाच हवं.)

वायफायऐवजी केबल लावून बघा. वायफायवर आवाज फाटतो.

चकलीचा_साचा | रविवार, सकाळी ८:०२

माझ्या मते स्पीडचा प्रॉब्लेम. अपलोड किती आहे? टेस्टमध्ये डाउनलोडच मोठा दाखवतात.

निळी_शाई | रविवार, सकाळी ८:४०

चसा, स्पीडचा काही संबंध नाही हो. जी.७११ कोडेकवर, म्हणजे आवाज आकड्यांत बांधायच्या एका पद्धतीत, आवाज ६४ केबीपीएस असतो, वरचं वेष्टण धरून एका बाजूला ९० च्या आत. दर २० मिलिसेकंदांना एक पाकीट, सेकंदाला ५० पाकिटं. हे जुन्या डीएसएलवरसुद्धा चालायचं. २०० एमबीपीएसमध्ये आख्ख्या गल्लीचे फोन बसतील.

आणि स्पीड कमी असता तर आवाज तुटक आला असता, रोबोटसारखा झाला असता. यांचा आवाज स्वच्छ आहे आणि फोन *कापला* जातोय. ही दोन दुखणी वेगळी.

स्ट्रोजर | रविवार, सकाळी १०:३०

कालव्याकाठी, एकच विचारतो. नेमके किती सेकंद? "अर्धा मिनिट" नको. घड्याळ लावून पाच वेळा मोजा. आईंनी उचलल्यापासून मोजायचं, घंटा वाजल्यापासून नाही.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो, इंटरनेट फोन मुलाकडून शिकलो. पण बिघाड शोधायची रीत तीच आहे. लाइन दर वेळी वेगवेगळ्या क्षणी तुटत असेल तर तार, जोड, पाणी. दर वेळी एकाच क्षणी तुटत असेल तर कोणीतरी मोजून तोडतंय. मग त्याला शोधायचं.

पिठलंभाकरी | रविवार, सकाळी १०:४४

काका, "कोणीतरी मोजून तोडतंय" वाचून अंगावर काटा आला 😄

कालव्याकाठी | रविवार, दुपारी ४:१०

काका, मोजलं. आईला आधी सांगून ठेवलं की आज पाच वेळा फोन येईल, घाबरू नकोस.

३२, ३२, ३१, ३२, ३२.

३१ ला मी बटण उशिरा दाबलं असावं. आता मलाही काटा आला.

निळी_शाई | रविवार, दुपारी ४:२५

बत्तीस! मग तार सापडली.

मी पुण्यात एका कॉल सेंटरची फोन यंत्रणा सांभाळते, आमच्याकडे "बत्तीसवाला" अशी तक्रारीची जातच आहे. ऐका.

सिपमध्ये फोन लावणं म्हणजे तीन चिठ्ठ्या. तुमचा फोन "इन्व्हाइट" पाठवतो, म्हणजे निमंत्रण. पलीकडे उचललं की तिकडून "२०० ओके" येतो, म्हणजे होकार. त्यावर तुमच्या फोनने "ॲक" पाठवायचा, म्हणजे होकार मिळाल्याची पोच. तिसरी चिठ्ठी पोचली नाही तर पलीकडचा सर्व्हर म्हणतो, माझा होकार हरवला वाटतं, आणि पुन्हा पाठवतो. आधी अर्ध्या सेकंदाने, मग एका, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. असं किती वेळ? सिपच्या नियमात, म्हणजे २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्ये, मूळ मोजमाप अर्ध्या सेकंदाचं आहे आणि वाट बघायची त्याच्या ६४ पट. ६४ गुणिले अर्धा. करा हिशोब.

तेवढ्यात पोच आली नाही तर सर्व्हर समजतो की समोर कोणी नाही, आणि "बाय" पाठवून फोन ठेवतो. सर्व्हर नियमाने वागतोय. तुमची पोच वाटेत कोणीतरी खातंय.

चकलीचा_साचा | रविवार, दुपारी ४:४१

पण मग तोवर बोलणं कसं होतं? पोच नाही तर आवाज तरी कसा जातो?

स्ट्रोजर | रविवार, संध्याकाळी ५:२०

चांगला प्रश्न. आमच्या काळात नंबर फिरवणं, घंटा आणि बोलणं हे सगळं घरापर्यंतच्या एकाच तांब्याच्या जोडीवरून. पलीकडे उचलला की लाइनची पोलॅरिटी उलटायची, कित्येक एसटीडी बूथची मीटरं त्या इशाऱ्यावर मोजायला लागायची. उचलल्याची खूण आणि आवाज एकाच वाटेने.

इंटरनेट फोनमध्ये वाटा दोन. बोलणी ठरवणारा सिप वेगळा, तो बहुधा ५०६० पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर. आवाज वाहणारा आरटीपी वेगळा, त्याची पोर्ट दर कॉलला नवी. त्यामुळे आवाजाची बैलगाडी चालू राहते आणि पोच घेऊन जाणारा पोस्टमन हरवतो, असं होऊ शकतं. मला हे पचायला सहा महिने लागले.

निळी_शाई | रविवार, संध्याकाळी ५:३५

काकांनी माझं काम केलं 🙏

कालव्याकाठी, आता मायक्रोसिपमध्ये लॉग, म्हणजे चिठ्ठ्यांची नोंदवही, चालू करा, एक कॉल करा आणि "२०० ओके" चा भाग इथे टाका. आईचा नंबर, तुमचं युजरनेम आणि "ऑथरायझेशन" ची अख्खी ओळ झाका. त्या ओळीत पासवर्ड उघडा नसतो, पण त्याचा जो ठसा असतो त्यावरून कमजोर पासवर्ड फोडता येतो. मग कोणीतरी तुमच्या पैशाने भलत्या देशात फोन लावत बसतं.

कालव्याकाठी | रविवार, रात्री ९:०५

टाकतोय. मला यातलं ओ की ठो कळत नाही.

[लॉग संपादित]

संपादक | रविवार, रात्री ९:११

प्रतिसादातील फोन नंबर एका ओळीत राहिला होता, काढला आहे. लॉग टाकणाऱ्यांनी कृपया दोनदा तपासावे.

निळी_शाई | रविवार, रात्री ९:४०

संपादकांनी झाकायच्या आत पाहिलं. मोजा: २०० ओके अकरा वेळा आलाय. एक मूळ, दहा स्मरणपत्रं. तुमच्या फोनने प्रत्येकाला इमानेइतबारे ॲक पाठवलाय. शेवटी सर्व्हरकडून बाय. पुस्तकातला बत्तीसवाला.

आता गंमत बघा. २०० ओके मध्ये "कॉन्टॅक्ट" नावाची ओळ असते. पोच कुठे पाठवायची तो पत्ता त्यात. तिथे तुमच्या कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता हवा. तुमच्याकडे तिथे १९२.१६८.१.१ आहे. हा कोणाचा पत्ता ओळखा पाहू.

कालव्याकाठी | रविवार, रात्री ९:४८

माझ्या राऊटरचा??

निळी_शाई | रविवार, रात्री ९:५५

हो. घरचाच भेदी.

बहुतेक राऊटरमध्ये "सिप एएलजी" नावाची सोय असते. हेतू चांगला होता. घरातले पत्ते बाहेर चालत नाहीत, म्हणून राऊटरने सिपच्या चिठ्ठ्या उघडून आतले पत्ते दुरुस्त करायचे. प्रत्यक्षात ही सोय बऱ्याच राऊटरमध्ये अर्धवट लिहिलेली असते. जाताना एक पत्ता बदलते, येताना भलताच खोडते. तुमच्या होकारावरचा पत्ता राऊटरने स्वतःचा केला, तुमची पोच त्याच्या दारात गेली आणि त्याने ती गिळली.

राऊटरच्या पानावर जाऊन एएलजी बंद करा. मग राऊटर रीस्टार्ट. (पिभा, तुमचं उत्तर शेवटी उपयोगी पडलं.)

पिठलंभाकरी | रविवार, रात्री ९:५८

मी कायमच बरोबर असतो, फक्त लवकर असतो.

नागपुरी_संत्री | रविवार, रात्री १०:३०

धागा हायजॅक करत नाही, पण माझ्याकडे इंटरनेट कंपनीने दिलेला डबा आहे, त्यात एएलजीचं बटणच नाही. कंपनीवाला म्हणतो "ते आमच्याकडून लॉक असते भाऊ". मग काय करावं?

निळी_शाई | रविवार, रात्री १०:४५

मग चिठ्ठी पाकिटात घाला. खात्याच्या सेटिंगमध्ये ट्रान्सपोर्ट, म्हणजे चिठ्ठी नेण्याची पद्धत, यूडीपीऐवजी टीएलएस करा, पोर्ट ५०६१. तुमची फोन कंपनी ते देत असेल तर. चिठ्ठी कुलूपबंद झाली की राऊटरला वाचताच येत नाही, मग खोडणार काय! टीएलएस नसेल तर टीसीपी करून पाहा, काही एएलजी फक्त यूडीपीत नाक खुपसतात. कंपनीने ५०६० सोडून दुसरं पोर्ट दिलं असेल तर तेही चालतं.

खरं सांगायचं तर मी सगळ्यांनाच आधी टीएलएस सांगते. कालव्याकाठींना नाही सांगितलं, कारण चोर सापडलेला असताना त्याला पकडायचं सोडून तिजोरी कशाला बदला.

नागपुरी_संत्री | सोमवार, सकाळी ९:१२

टीएलएस केलं. चाललं!! दोन महिने डोकं फोडत होतो. तुमच्या तोंडात साखर.

दुबईकर | सोमवार, दुपारी १२:२०

इथे अमिरातीत तर व्हॉट्सॲपचा आवाजी कॉलच चालत नाही, परवानगी असलेलीच ॲप वापरावी लागतात. तिथे ही सगळी चिकित्सा फोल. फोन लागत नाही म्हणजे दर वेळी बिघाडच असतो असं नाही, एवढंच सांगायचं होतं.

कालव्याकाठी | सोमवार, रात्री ११:३०

एएलजी बंद केलं. "नॅट पासथ्रू" नावाच्या पानात तळाला लपलेलं होतं. आता बत्तीस सेकंदांनंतरही फोन तुटत नाही.

पण आता मला आईचा आवाजच येत नाही. तिला माझा येतो. वहिनीने व्हॉट्सॲपवर कळवलं की आई चार मिनिटं "अरे बोल ना, मी ऐकतेय, तू का ऐकत नाहीस" म्हणत होती. पूर्वी बत्तीस सेकंद तरी मिळत होती.

चकलीचा_साचा | मंगळवार, सकाळी ७:३०

रोगापेक्षा औषध भारी. एएलजी परत चालू करा.

निळी_शाई | मंगळवार, सकाळी ८:०५

अजिबात करू नका! हे अपेक्षित होतं, मीच आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं.

तुमचा फोन निमंत्रणात लिहितो, "माझ्यासाठीचा आवाज या पत्त्यावर पाठवा". आणि लिहितो घरातला पत्ता, १९२.१६८ वाला. तो पत्ता तुमच्या घराबाहेर निरर्थक. "मधली खोली, कपाटाशेजारी" असा पत्ता घालून इचलकरंजीहून पार्सल मागवण्यासारखं. एएलजी निदान हे एक काम बरं करत होतं. आता कंपनीचा सर्व्हर आईचा आवाज त्या पत्त्यावर टाकतोय आणि तो हवेत विरतोय. तुमचा आवाज मात्र सर्व्हरच्या खऱ्या पत्त्यावर जातो, म्हणून तिला ऐकू येतं. एकतर्फी आवाज म्हटला की दहातल्या नऊ वेळा हेच निघतं, हा माझा अनुभव.

पुष्कळ कंपन्यांचे सर्व्हर शहाणे असतात. लिहिलेला पत्ता सोडून, पाकिटं ज्या दारातून येताना दिसतात त्याच दाराशी उत्तर देतात. तुमची कंपनी तसं करत नाही असं दिसतंय.

उपाय: मायक्रोसिपच्या सेटिंगमध्ये स्टन सर्व्हर घाला. तुमच्या कंपनीच्या मदतपानावर त्याचा पत्ता असेल, पोर्ट बहुधा ३४७८. स्टन म्हणजे चौकात उभ्या माणसाला विचारणं, "बाहेरून माझ्या घराचा पत्ता काय दिसतो हो?" तो सांगेल ते निमंत्रणात लिहायचं. शिवाय खात्यात "अलाऊ आयपी रीराइट" वर खूण करा.

स्ट्रोजर | मंगळवार, सकाळी ९:५०

एक तपासून घ्या. राऊटरच्या पानावर बाहेरचा, म्हणजे वॅन पत्ता काय दिसतो? तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या मधला असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या मोठ्या नॅटच्या, म्हणजे अनेक घरांना बाहेरचा एकच पत्ता वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या, पोटात आहात. तसं असेल तर स्टन कधी चालतं, कधी नाही. मग टर्न लागतो, म्हणजे आवाज मधल्या सर्व्हरमार्फत वळवायचा.

कालव्याकाठी | मंगळवार, दुपारी १:१५

काका, ८४ ने सुरू होतो. म्हणजे ठीक ना? संध्याकाळी घरी गेल्यावर स्टन घालतो.

स्ट्रोजर | मंगळवार, दुपारी १:४०

ठीक.

सातासमुद्रापार | मंगळवार, संध्याकाळी ६:२२

मी न्यू जर्सीत. माझा बिघाड वेगळा: अमेरिकेत सगळीकडे लागतो, भारतात अजिबात नाही. कधी ४०३ (म्हणजे नकार), कधी नुसतीच शांतता. आधी लागायचा. पैसे शिल्लक आहेत. एएलजी बंद, टीएलएस चालू, सगळं करून झालं.

निळी_शाई | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

पलीकडे तुमचा कोणता नंबर दिसावा असं ठेवलंय? कॉलर आयडीत काय आहे?

सातासमुद्रापार | मंगळवार, संध्याकाळी ७:०१

माझा जुना पुण्याचा मोबाइल नंबर, +९१ वाला. घरच्यांना ओळखू यावा म्हणून. तो अजून माझ्याच नावावर आहे, कंपनीकडे ओटीपीने पडताळलेला आहे.

निळी_शाई | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

तिथेच आहे. परदेशातून येणारा पण अंगावर भारतीय नंबर मिरवणारा कॉल अडवायची यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. "डिजिटल अरेस्ट"वाले भामटे नेमकी हीच युक्ती करतात: बसायचं परदेशात आणि दाखवायचा +९१. तुमचा नंबर खरा असला तरी बाहेरून येणाऱ्या वाटेवर तो फरक कळायला मार्ग नाही. अमेरिकेतला नंबर लावा.

सातासमुद्रापार | मंगळवार, संध्याकाळी ७:५५

लागला! बाबा म्हणाले, "हा कुठला नंबर, मी उचलणारच नव्हतो." पण लागला.

चकलीचा_साचा | मंगळवार, रात्री ८:१०

आता माझंही घ्या. मस्करी सोडून. लिनफोन ॲपवरून बाहेर फोन जातो, पण मला कोणी केला तर वाजत नाही. ॲप नुकतं उघडलं असेल तर वाजतो, पाच मिनिटांनी नाही.

निळी_शाई | मंगळवार, रात्री ८:३०

राऊटर दार मिटतोय. तुमच्या फोनने सर्व्हरकडे "मी इथे आहे" अशी नोंद केली की राऊटरमध्ये परतीचं एक दार उघडतं. काही वेळ कोणी आलंगेलं नाही की राऊटर ते मिटतो. यूडीपीला कित्येक राऊटर अर्ध्या मिनिटातच मिटतात. तुमची नोंद मात्र तासाभराची असते, म्हणून सर्व्हरला वाटतं तुम्ही आहात, तो दार ठोठावतो, आत आवाज येत नाही. "कीप अलाइव्ह", म्हणजे दार उघडं ठेवणारी टकटक, २० सेकंदांवर ठेवा. मोबाइलवर असाल तर बॅटरी बचतीतून ॲप वगळा, नाहीतर अँड्रॉइड त्याला झोपवतो.

पिठलंभाकरी | मंगळवार, रात्री ८:४५

माझा नाही, मित्राचा प्रॉब्लेम (खरंच मित्राचा). त्याचा कॉल लागतच नाही, घंटासुद्धा वाजत नाही, ४०८ (म्हणजे वेळेत उत्तर नाही) येतो. पण खात्याची नोंदणी हिरवी दिसते. तोच लॅपटॉप ऑफिसात नेला की चालतो.

निळी_शाई | मंगळवार, रात्री ९:०५

त्याने कोडेकच्या यादीत सगळ्यांवर खूण केली असणार. प्रत्येक कोडेकमागे निमंत्रणात ओळी वाढतात, त्यात व्हिडिओ चालू असेल तर बघायलाच नको. निमंत्रण दीडेक हजार बाइटच्या वर गेलं की यूडीपीत त्याचे दोन तुकडे होतात, आणि दुसरा तुकडा वाटेतले काही राऊटर टाकून देतात. नोंदणीची चिठ्ठी लहान असते म्हणून ती जाते. ऑफिसातली वाट वेगळी म्हणून तिथे चालतं. जी.७११ चा ए-लॉ आणि ओपस ठेवा, व्हिडिओ बंद करा, बाकीच्या खुणा काढा. किंवा टीसीपी.

मात्र ४८८ आला तर उलटं. म्हणजे दोघांचा एकही कोडेक जुळला नाही, फारच कमी ठेवलेत.

पिठलंभाकरी | मंगळवार, रात्री ९:४०

मित्र म्हणतो तेवीस खुणा होत्या. "जास्त असलेले बरे" म्हणून केल्या म्हणे. आता लागला.

कालव्याकाठी | बुधवार, रात्री १२:२०

स्टन घातलं. आयपी रीराइटवर खूण केली. दोन्हीकडून आवाज. नऊ मिनिटं बोललो, मग मुलगी उठली म्हणून मीच ठेवला. आईला आधी सांगितलं की मी ठेवतोय हं, तुटला नाहीये. निळी शाई, काका, काय बोलू!

स्ट्रोजर | बुधवार, सकाळी ६:४५

नऊ मिनिटांवर निकाल देऊ नका. आणखी दोन जागा आहेत. काही कंपन्या "सेशन टायमर" लावतात, त्याची नेहमीची मुदत १८०० सेकंद. अर्ध्या मुदतीला, म्हणजे पंधरा मिनिटांनी, दोन्हींपैकी एक टोक "अजून आहात ना" असं विचारून मुदत वाढवून घेतं. ती चिठ्ठी हरवली तर फोन पंधरा किंवा तीस मिनिटांच्या आसपास तुटतो. तुमच्याकडे एकदा पोच हरवलेली आहे, म्हणून सांगतो. एकदा लांब बोला. घड्याळ लावून.

कालव्याकाठी | बुधवार, दुपारी १२:०५

काका, आई आणि मी अर्धा तास बोललो असं गेल्या दहा वर्षांत घडलेलं नाही. पण रविवारी प्रयत्न करतो.

कालव्याकाठी | रविवार, दुपारी ३:५०

अहवाल. १५:०० गेले, काही झालं नाही. आई तेव्हा शेजारच्यांच्या बोअरवेलबद्दल सांगत होती. ३०:०० ला मी श्वास रोखून बसलो होतो, ती विचारते, "का रे गप्प झालास, तुटला का?" नाही म्हटलं. मग मामाच्या जमिनीचा विषय निघाला.

३८:१६ ला फोन बंद. लॉग पाहिला: बाय पलीकडून. दारात दूधवाला आला होता.

स्ट्रोजर | रविवार, संध्याकाळी ५:१०

हा बिघाड आपल्या अखत्यारीत येत नाही.